लळा लावू नये

आमच्या बालगृहाच्या स्वयंपाकघराच्या दारावर एक पाटी होती : 'सेवकवर्गाने बालकांना लळा लावू नये. हुकमावरून.' कामाला लागलेली नवी बाई हमखास विचारायची, हुकूम कुणाचा? हुकूम माझाच होता. रामनगरात ट्रकांच्या पाठी रंगवणाऱ्या पेंटरकडून मी ती पाटी करून घेतली होती आणि त्यानं सवयीनं खाली दोन कमळंही काढून दिली होती. सत्तावीस वर्षं मी तिथं अधीक्षिका होते. तेवढ्या काळात छप्पर बदललं, चुलीचा गॅस झाला, पाटी मात्र तीच राहिली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'सेवामय जीवना'वर लिहायला सांगितलं आहे. सेवा वगैरे मी काही केलेली नाही. मी नोकरी केली. सेवा करणारी माणसं शनिवारी यायची आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत जायची. त्यांच्याबद्दल लिहीनच, पण मला खरं लिहायचंय ते यंदा वैशाखात झालेल्या एका लग्नाबद्दल. नवरी बावन्न वर्षांची, नवरा एकसष्टचा. नवरी म्हणजे आमची स्वयंपाकीण शेवंता, माझी मैत्रीण. मैत्रीण हा शब्द लिहिला खरा, पण तो लिहायचा हक्क मला आहे का, हे त्या लग्नाला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

आधी आमचा धंदा समजावून सांगते. बेळगावकडून गोव्याला जाणारी गाडी घाट उतरायच्या आधी कॅसलरॉकला बराच वेळ थांबते. कुणी चहाला उतरतं, कुणी पाय मोकळे करतं, आणि मग एखाद्या बाकाखाली झोपलेलं पोर दिसतं. कुणाचं म्हणून विचारावं तर सगळा डबा एकदम खिडकीबाहेरची झाडं बघायला लागतो. मग रेल्वेचा माणूस पोराला उचलतो, पोलीस कागद करतात, कारवारची बालकल्याण समिती कानडीत शिक्का मारते, आणि पोर रामनगरच्या बाहेर, गोवा रस्त्यावरच्या आमच्या फाटकात येतं. त्याची भाषा कुठली, तेही कळत नाही. रडणं सगळ्यांचं सारखंच असतं.

पुढं पेपरात त्याचा फोटो द्यायचा. या बालकाच्या पालकांनी संपर्क साधावा, वगैरे. माझ्या अख्ख्या नोकरीत ती जाहिरात वाचून एकच माणूस आला, तो म्हणजे त्या पेपरचा एजंट. पुढची जाहिरात कधी देताय, म्हणून विचारायला. मुदत संपली की ते मूल कायद्यानं 'मुक्त' होतं. पोरकं म्हणायला कायद्याची जीभ रेटत नसावी. मुक्त झालं की दत्तक देता येतं. आता ही जुळवाजुळव कॉम्प्युटर करतो. आमच्या काळी ती आम्हीच करायचो, आणि कॉम्प्युटरइतक्याच निर्विकारपणे करतो अशी आमची समजूत होती.

लळ्याचं शास्त्र मला बेंगळूरच्या एका शिबिरात शिकवलं गेलं. मूल संस्थेतल्या बाईला चिकटलं तर नव्या आईबापांना चिकटत नाही, म्हणून त्याला कुणालाच चिकटू देऊ नये. मला हे फारच पटलं. दर सहा महिन्यांनी मी आयांच्या बदल्या करायची. तान्ह्यांकडची बाई कपड्यांकडं, कपड्यांकडची मोठ्या मुलींकडं. पोलीस खात्यातसुद्धा इतक्या बदल्या होत नसतील. एखादं पोर जुन्या आयेच्या मागं कपड्यांच्या दोरीपर्यंत रडत गेलं की मी वहीत लिहायची, 'समायोजन सुरू आहे.'

हा नियम फक्त पगारी माणसांना लागू होता. स्वयंसेवकांना सगळी मुभा. पुण्याहून, गोव्याहून, कुठून कुठून ते यायचे. गाडीतून उतरल्या उतरल्या जवळचं पोर उचलायचे, छातीशी धरायचे, डोळे पुसायचे, फोटो काढायचे. दोन दिवसांत पोराला असा काही जीव लावायचे की सोमवारी सकाळी ते पोर फाटकाच्या गजांना धरून उभं. ते काम मग आमच्याकडं. वाढदिवस साजरे करायला येणारे वेगळेच. ज्याचा वाढदिवस तो मुलगा कारमध्ये बसून राहायचा आणि आमची चाळीस पोरं त्याच्या नावानं टाळ्या वाजवून गाणं म्हणायची. केक कापायला शेवटी त्याला ओढून आणावं लागायचं.

प्रत्येक बॅचला काहीतरी रंगवायचंही असायचं. चित्र काढण्यासारखी भिंत आमच्याकडं एकच, जेवणघराची. मी तोड काढली. एक बॅच गेली की पुढची यायच्या आत भिंतीला चुना. त्या भिंतीत एकाखाली एक हत्ती, मोर, इंद्रधनुष्य आणि जगाचे तीन नकाशे गाडलेले आहेत. केदार नावाचा पुण्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा जिराफ काढून गेला आणि पुढच्या वर्षी जिराफ बघायला परत आला. मी म्हटलं, ओल आली होती. त्यानं पुन्हा काढला. तिसऱ्या वर्षी पुन्हा ओल आली. पोरगा मनातून ओळखून असावा, पण बोलला नाही. त्या वर्षी तो दोन महिने राहिला आणि चित्र सोडून त्यानं पोरांना गणित शिकवलं. बिचारा तेवढाच एक कामाचा निघाला.

मूल न्यायला येणाऱ्यांच्या तर तऱ्हा विचारू नका. कुणाला रंग हवा, कुणाला नाक. एका आजीबाईंना होणाऱ्या नातवाची पत्रिका हवी होती. जन्मवेळ काय, म्हणाल्या. मी म्हटलं, जन्मवेळ ठाऊक नाही, गाडीची वेळ सांगू का? पण सगळ्यांवर कडी केली ती पुण्याच्या मिलिंद आणि वर्षा या जोडप्यानं. ते कुत्रा घेऊन आले. तो घरचाच मेंबर, त्याची पसंती महत्त्वाची, असं म्हणाले. कुत्रा पोरांच्या रांगेसमोरून हुंगत गेला आणि एका साडेतीन वर्षांच्या मुलीजवळ बसला. मुलगी घाबरून ताठ उभी राहिली. वर्षाताईंना वाटलं, किती शांत आहे.

ती मुलगी चिमी. रजिस्टरात वासंती, कारण वसंतात आली. चिमी हे नाव शेवंतानं ठेवलेलं. दीड वर्षाची असताना कॅसलरॉकच्या पांडूनं तिला आमच्याकडं आणून पोचवली होती. पांडू रेल्वेत गँगमन. रुळांची देखरेख करणारा हा माणूस बाकाखालचं पोर दिसलं की पोलिसांबरोबर स्वतः आमच्या फाटकापर्यंत यायचा. शेवंता त्याला चहा द्यायची आणि तो गुपचूप पिऊन जायचा.

चिमीनं तीन दिवस तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. दवाखाना झाला, आया थकल्या. चौथ्या दिवशी शेवंतानं तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं, तांदळाच्या पोत्यावर बसवलं आणि उकड्या तांदळाची पेज बोटानं चाटवली. तेव्हापासून चिमीला जेवण म्हणजे शेवंताचा हात. दिवसभर पोत्यावर बसून असायची. शेवंता अणशीच्या रानातली, लग्न ठरून मोडलेलं, पुन्हा कुणी ठरवलं नव्हतं. कामाला वाघ आणि तोंडानं मुकी. पोरीशी मात्र अखंड बडबड. आणि हे सगळं माझ्या पाटीखाली. मी तिची बदली करू शकत नव्हते. तिला कपड्यांकडं पाठवून मी रांधायला बसले असते तर चाळीस पोरं माझ्या हातचं खाऊन कॅसलरॉकला परत गेली असती.

एके दिवशी शेवंता ऑफिसात आली. हात पदराला पुसले आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. इंग्रजीत होता. अक्षर केदारचं, खाली शेवंताचा जांभळा अंगठा.

"मला चिमी पायजे, अक्का. कायद्यानं." (पोरं मला अक्का म्हणायची, त्यामुळं सगळेच अक्का म्हणायचे.)

"कायदा असा उठून कुणालाही मूल देत नाही, शेवंता."

"एकल्या बाईला देत्यात म्हनं की. केदारदादानं वाचून बगितलंय."

केदारनं बरोबर वाचलं होतं. कायद्यात आडकाठी नव्हती. मी म्हटलं, "बघू." हा शब्द मी नोकरीत हजारदा वापरला असेल. त्याचा अर्थ नाही असा होतो आणि नाही म्हटल्याचं पाप लागत नाही. कागद मी टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुढं पाठवलाच नाही. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'बालकासाठी स्वतंत्र खोली आहे काय?' शेवंता स्वयंपाकघराशेजारच्या कोपऱ्यात झोपायची. पुण्याच्या घरी कुत्र्यालासुद्धा स्वतंत्र खोली होती. मी चिमीच्या फायलीत लिहिलं, 'बालिका स्वयंपाकिणीस अति चिकटली आहे. हस्तांतर शक्य तितक्या लवकर करावे.'

खोली हे कारण नव्हतं. आता निवृत्त झाले आहे, खरं लिहायला हरकत नाही. नियम माझा होता आणि त्या दोघी त्याच्याच पाटीखाली बसून जेवत होत्या, त्याचा मला राग होता. त्याहून मोठं कारण म्हणजे इतक्या वर्षांत एकही पोर आपणहून येऊन माझ्या मांडीवर बसलं नव्हतं.

हस्तांतराची माझी स्वतःची एक पद्धत होती आणि मला तिचा फार अभिमान होता. पोराला दुपारी पोटभर जेवू घालायचं, झोपवायचं, आणि झोपेतच नव्या आईच्या मांडीवर, गाडीत. खानापूर मागं पडल्यावर पोराला जाग येते. फाटकावर रडारड नाही, बाकीची पोरं बिथरत नाहीत, आईबापांचाही जीव हलका राहतो. आमच्याकडं भेटीला येणाऱ्या दुसऱ्या संस्थांच्या बायकांना मी ही युक्ती शिकवली. पुष्कळांनी उचलली.

चिमीच्या दिवशी मी आणखी एक केलं. सकाळीच शेवंताला मोठं पातेलं आणायला खानापूरच्या बाजाराला धाडलं. संध्याकाळच्या बसनं ती परतली. डोक्यावर पातेलं, आणि पातेल्यात लहान मुलीच्या चपलांचा जोड, चालताना पिपाणी वाजते तसल्या. तिनं पोत्याकडं बघितलं.

"गेली?"

"गेली."

"जेवून गेली?"

"हो, पोटभर."

"जागी हुती?"

"झोपली होती," मी म्हटलं. माझ्या मते ती चांगली बातमी होती.

शेवंतानं पातेलं उतरवलं, धुतलं, आणि त्यातच चाळीस पोरांची आमटी टाकली. त्या कागदाचं काय झालं, हे तिनं कधीही विचारलं नाही. मला वाटलं, विसरली. वर त्याच सुमारास माझं ब्लडप्रेशर निघालं, तर शेवंता माझी आमटी वेगळी काढायला लागली. अळणी. मी न सांगता. माझी किती काळजी घेते म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

सहा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. टेबल आवरताना ड्रॉवरमधला तो कागद माझ्या हाती आला. फाडावा असं वाटलं, पण हात झाला नाही. पर्समध्ये घातला तो तसाच राहिला.

आणि यंदा शेवंताचा फोन. "अक्का, माझं लगीन हाय. बालगृहाच्या अंगणातच करनार हाय. तुमी यायचंच."

नवरा पांडू. एकूण चार पोरं त्यानं आमच्या फाटकात आणून सोडली होती. बायको गेल्यावर पोर न घेताच यायला लागला, फणस घेऊन. रिटायर झाला तेव्हा शेवंताला म्हणाला, "बाय, तुझा चहा पिऊन वीस वर्सं झाली, एकदा माजा पी." एवढंच त्यांचं प्रेमप्रकरण.

बातमी केदारला कळली आणि जुन्या स्वयंसेवकांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. केदार आता कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब आहे. पहिल्या दिवशी ग्रुपवर ठरलं की जंगल थीम ठेवायची. शेवंता म्हणाली, "जंगलातनंच आलीया मी. परत कशाला घालतायसा?" मग थीम रद्द झाली, पण उत्साह नाही. लग्नाच्या सकाळी तीन गाड्या भरून माणसं उतरली. केस पिकलेली, पोटं सुटलेली, पण पोरं उचलायची खोड कायम. उतरल्या उतरल्या आताच्या पोरांपैकी दोघांना उचललंच. एका बाईनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही आम्हाला जगायला शिकवलं." मी तिला दोन दिवस भांडी घासायला लावली होती, एवढंच मला आठवत होतं.

मग सगळे भिंत बघायला गेले. भिंत पांढरी. वेगवेगळ्या वर्षांच्या तीन बॅचा तिच्यापुढं उभ्या राहून एकमेकांना सांगत होत्या, "आमचं चित्र इथंच होतं." केदारनं नखानं थोडा चुना खरवडला, तर आतून कुणाच्या तरी हत्तीचा कान निघाला. तो माझ्याकडं बघून हसला. "ओल फार आहे हो इकडं, अक्का."

त्यांच्या मागोमाग पुण्याची गाडी आली. मिलिंद, वर्षाताई आणि त्यांची सई. सई म्हणजे आमची चिमी. तेवीस वर्षांची, उंच, जीन्सवर कुर्ता घातलेली. दत्तक असल्याचं आईबापांनी तिच्यापासून कधी लपवलं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. गेल्या वर्षी तिनंच बालगृहाला पत्र पाठवलं होतं : मला पेज भरवणारी कुणीतरी होती असं आठवतं, ती कोण? शेवंतानं ते पत्र चार जणांकडून चारदा वाचून घेतलं होतं.

पिवळ्या साडीतली शेवंता दारातच थांबली. सई पुढं झाली. दोघींना काय करायचं ते कळेना, आणि मग शेवंतानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात ग्रुपमधला एकजण ओरडला, "मावशी, थांबा थांबा, फोटो नीट आला नाही. पुन्हा एकदा भेटा ना!"

"एकदा भेटायला वीस वर्सं लागली, बाबा," शेवंता म्हणाली. "पुन्यांदा कुठनं भेटू?"

पंगतीत वर्षाताई माझ्या शेजारी बसल्या. बाई मनानं चांगली. कौतुकानं लेकीचं सांगत होत्या, अभ्यास, नोकरी, सगळं. "फक्त एक विचित्र सवय आहे बघा हिची," त्या म्हणाल्या. "दुपारी कधी झोपत नाही. आमच्याकडं आली तेव्हा वर्षभर डुलकी आली की दचकून उठायची आणि घरभर फिरून आम्ही आहोत ना ते बघायची. गाडीत तर अजून डोळा लावत नाही. आज पुण्याहून आलो, एवढा लांबचा रस्ता, पण डोळे टक्क उघडे. डॉक्टर म्हणाले, काहींना असतं."

माझ्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहिला. तिच्यानंतर मी त्याच पद्धतीनं किती पोरं धाडली, ते आठवायला लागले आणि मध्येच थांबले. मला भीती वाटली. हात धुतले आणि उठून स्वयंपाकघराकडं गेले.

दारात सई उभी होती, पाटी वाचत. "हुकूम कुणाचा?" तिनंही विचारलं.

"माझा," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

आत शेवंता लग्नाच्या साडीचा पदर खोचून आमटी ढवळत होती. तिच्याच लग्नातली आमटी दुसऱ्या कुणाच्या हातची तिला चालणार नव्हती. मी पर्समधून कागद काढला आणि तिच्यापुढं धरला. "शेवंता, हा मी पुढं पाठवलाच नव्हता."

तिनं कागद हातात घेतला नाही. नुसती नजर टाकली. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? दर शनवारी तुमचं टेबल कोन पुसत हुतं? ड्रॉवर मीच झाडायची. इंग्लिस येत न्हाई मला, पर माझा अंगठा मला वळखू येत न्हाई व्हय?"

म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत दर शनिवारी तो कागद तिनं उचलला होता, खालची धूळ पुसली होती आणि परत जागेवर ठेवला होता. जवळ तांदळाचं पोतं होतं, त्यावर बसले.

"तुला राग नाही आला?"

"आला की. म्हनून तर तुमची आमटी अळनी काडत हुते."

"ती माझ्या ब्लडप्रेशरसाठी नव्हती?"

"तुमचं बिलडपेशर मला काय ठावं?" शेवंता म्हणाली. "मीठ घालायला हातच उठत न्हवता. सा म्हैनं राग ऱ्हायला, मग सवंच लागली."

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं असावं. "मग मला लग्नाला कशाला बोलावलंस?"

ती उत्तर द्यायच्या आत अंगणातून अणशीच्या तिच्या थोरल्या मावशीची हाक आली. "नवरीची पाठराखीण कोन जानार गं?"

नव्या वाचकांसाठी सांगते. नवरी सासरी निघते तेव्हा माहेरचं एक माणूस तिच्याबरोबर जातं. परक्या घरात पहिले दोन-तीन दिवस उठता-बसता ओळखीचा चेहरा दिसावा, म्हणून. तिला पाठराखीण म्हणतात. बावन्न वर्षांच्या नवरीला ती कशाला, म्हणून पाहुण्यांत हशा पिकला. स्वयंसेवकांनी मात्र ताबडतोब हात वर केले. पाच बायका आणि दोन पुरुष कॅसलरॉकला जायला तयार झाले. सवय वाईट असते.

शेवंता बाहेर आली. मागोमाग मी. तिनं कुणाकडं बघितलं नाही, सरळ सईपाशी गेली. "तू येतीस?"

"येते," सई म्हणाली. आईला न विचारता.

"सई, सोमवारी ऑफिस आहे तुझं," वर्षाताई घाईनं म्हणाल्या. "आणि तिथं रेंज तरी आहे का?" मिलिंदनी त्यांचा हात दाबला. वर्षाताईंच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी ओळखत होते. मी ते खानापूरच्या बसमधून उतरलेल्या शेवंताच्या तोंडावर बघितलं होतं, फक्त तेव्हा मला ते वाचायचं नव्हतं.

शेवंता माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला पाठराखीन लागत न्हाई, अक्का. ह्या वयाला मी कुटंबी ऱ्हाईन. पर साडेतीन वर्सांची पोर परक्या गावाला गेली, तवा तिच्यासंगं वळखीचं एक मानूस न्हवतं. त्येवडं तुमी बगावं म्हनून बोलावलं."

लळ्याचं शास्त्र मला तोंडपाठ होतं. हे इतकं साधं रीतीतलं शहाणपण, जे अणशीच्या रानात सगळ्यांना ठाऊक असतं, ते मला कुठल्या शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. माझं चुकलं होतं. ते मी तिला तिथंच, सगळ्यांच्या देखत सांगितलं. शेवंतानं मान हलवली आणि माझा हात धरून मला पांडूच्या जीपपर्यंत नेलं. निघताना म्हणाली, "येत जावा कॅसलरॉकला. मीठ घालून करीन." मैत्रीण हा शब्द मी वर खोडला नाही, तो या वाक्याच्या आधारावर.

पांडू पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, टोपी घालून, वीस वर्षांचा चहा चुकता करायला निघाल्यासारखा. मागं शेवंता आणि सई. सई खिडकीशी बसली, डोळे टक्क उघडे. ग्रुपमधले सगळे फोटो काढत होते. वर्षाताई खिडकीशी आल्या.

"कधी पाठवाल हिला परत?"

"तीन दिसांनी," शेवंता म्हणाली. "मी सोता आनून सोडते, पुन्यापत्तर. वटी भरून, पोटभर जेवू घालून." तिनं वर्षाताईंच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं.

"आन जागी असताना आनीन."